रिपोर्टमध्ये लाल काहीच नव्हतं

खाली पडलेला खडू उचलायला वाकले आणि सरळ झाले की डोळ्यांपुढून करडा पडदा सरकायचा. दोन-तीन सेकंद, फार तर चार. समोरची मुलं दिसेनाशी व्हायची आणि परत दिसायला लागायची. पहिल्यांदा झालं ते २०२३ च्या जुलैत, चौथीच्या वर्गात, गुणाकार शिकवताना. मी फळ्याला हात टेकून उभी राहिले. पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, काय झालं?" तोवर सगळं जागच्या जागी आलं होतं.

मी तासगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा सुरू झाल्यापासूनच डोकं दुखत होतं, सकाळी उठल्यावर जास्त. रात्री उशीवर डोकं टेकलं की कानात आवाज यायचा, लांबवर पिठाची गिरणी चालू असल्यासारखा, पण नाडीच्या ठोक्याला ठोका धरून. हा आवाज मी कुणाला सांगितला नाही. कानातल्या आवाजाचा डोळ्यांशी काही संबंध असेल असं डोक्यातच आलं नाही, आणि घरात सांगितलं असतं तर "झोप पुरी घे" याखेरीज कुणी काय म्हणणार होतं?

चष्म्याच्या दुकानात गेले. नंबर पाव पॉइंटनं बदलला, नवा चष्मा आला, डोकं तसंच. महिन्याभरानं पुन्हा गेले, पुन्हा काच बदलली. गावातल्या दवाखान्यात अर्धशिशीच्या गोळ्या मिळाल्या, त्या दोन महिने घेतल्या. या तीन महिन्यांत माझ्या डोळ्यात थेंब घालून आत कुणी बघितलं नाही. चष्म्याच्या दुकानात तसं बघतही नाहीत, तिथे फक्त नंबर काढतात. तो फरक मला तेव्हा माहीत नव्हता, आणि याचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्या तीन महिन्यांची किंमत डाव्या डोळ्यानं थोडीशी मोजली आहे.

नवरात्रात एका संध्याकाळी स्कूटीवरून घरी येताना पुढच्या एसटीच्या मागे मला दोन नंबरप्लेट दिसल्या, शेजारीशेजारी. एक डोळा मिटला की एकच. मी गाडी कडेला लावली आणि यांना फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सांगलीला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो.

तिथे आधी भिंतीवरची अक्षरं वाचून घेतली. चष्मा लावून दोन्ही डोळ्यांनी शेवटून दुसरी ओळ वाचली, म्हणजे ६/६. रंगीत ठिपक्यांमधले आकडेही सगळे बरोबर आले. हे म्हणाले, "बघ, नजर चांगली आहे." मलाही तसंच वाटलं. मग थेंब घातले. पहिला थेंब चांगलाच चुरचुरला. डोळे मिटून बाकावर बसायचं, दहा मिनिटांनी पुन्हा थेंब. पाऊण तासानं बाहुल्या मोठ्या झाल्या, मोबाइलवरचं काही वाचता येईना, आणि दारातून येणारं ऊन सहन होईना.

डॉक्टर बाई साधारण माझ्याच वयाच्या होत्या. भिंग धरून त्यांनी उजव्या डोळ्यात बघितलं, मग डाव्या, मग परत उजव्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "वाकून उठल्यावर अंधारी येते का हो ताई? कानात काही आवाज?"

तोवर मी फक्त डोकेदुखी आणि नंबरप्लेट एवढंच सांगितलं होतं. अंगावर काटा आला. त्यांनी लगेच सिस्टरला बोलावून माझं बीपी बघायला लावलं. डोळ्यांच्या दवाखान्यात बीपी कशाला, असं मनात आलं. नंतर कळलं, की बीपी भयंकर वाढलं तरी डोळ्याची नस अशीच सुजते, म्हणून ते पहिल्यांदा बाजूला काढायचं असतं. माझं १२८/८४ होतं.

मग फोटो. कॅमेऱ्यासमोर हनुवटी ठेवायची, कपाळ पट्टीला टेकवायचं, आतल्या हिरव्या ठिपक्याकडे बघायचं. तंत्रज्ञ मुलगा म्हणत होता, "मॅडम, डोळा मोठा उघडा, पापणी मिटू नका," आणि लखकन प्रकाश पडायचा. त्यानंतर मिनिटभर सगळीकडे जांभळट गोळा दिसत राहायचा.

तो फोटो डॉक्टरांनी मला मोठ्या पडद्यावर दाखवला, आणि तिथेच मला आजार खऱ्या अर्थानं कळला. डोळ्याच्या आतला नारिंगी पडदा, त्यावर झाडाच्या फांद्यांसारख्या रक्तवाहिन्या, आणि त्या सगळ्या जिथून फुटतात तो फिकट गोल, डिस्क. डोळ्याची नस मेंदूकडे जायला इथूनच निघते. व्यास जेमतेम दीड मिलिमीटर, पण दहा-बारा लाख तंतू त्यातून जातात. शेजारी त्यांनी एका निरोगी डोळ्याचा फोटो लावला. त्यातला गोल पौर्णिमेच्या चंद्रासारखा, कडा स्वच्छ. माझ्या फोटोतल्या चंद्राला खळं पडलं होतं. कड कुठे संपते ते बोटानं दाखवता येत नव्हतं. वरच्या अंगाला एक शीर गोलातून बाहेर पडताना अचानक नाहीशी होत होती आणि थोड्या अंतरावर पुन्हा वर येत होती, ओढा दाट झाडीत शिरून पलीकडे निघावा तशी. डॉक्टर म्हणाल्या, सूज एवढी आहे की शीर त्यात बुडली आहे. डाव्या डोळ्यात त्या कडेलगत एक बारीक लाल रेघ होती, कुंकवाचं बोट ओझरतं लागावं तशी. ते रक्त होतं.

"पण मला तर सगळं दिसतंय," मी म्हटलं.

"मधली नजर बहुतेक वेळा शेवटी जाते, ताई. अक्षरांचा तक्ता तोवर बरोबरच येतो."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे.

त्यानंतर ओसीटी. हे मशीन प्रकाशाची सोनोग्राफी करतं असं त्या मुलानं सांगितलं. पुढे घरी वाचलं तेव्हा ते अगदी बरोबर निघालं. आवाजाच्या जागी प्रकाश, आणि तो पडद्याच्या कुठल्या थरावरून परततो यावरून थरांची जाडी काढायची. अमेरिकेत एमआयटीमध्ये डेव्हिड ह्वांग, जेम्स फुजिमोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र १९९१ मध्ये मांडलं. जिवंत डोळ्यात आत डोकावून बघण्याची सोय हेल्महोल्ट्झच्या उपकरणानं १८५१ पासून झालेली होती, पण बघणाऱ्याला जे दिसलं ते हातानं काढलेल्या चित्रात किंवा नंतर फोटोत राहायचं. ओसीटीनं त्याला आकडा दिला. केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक फरक त्यात मोजता येतो. माझ्यासारखीला, जिला महिन्यामहिन्यानं "कालच्यापेक्षा आज कसं" हे बघायचं होतं, तिच्यासाठी हा आकडा म्हणजे सगळं काही होतं.

ओसीटीत काहीच दुखत नाही, डोळ्याला काही लागतही नाही. एका निळ्या खुणेकडे बघत राहायचं, एक लाल रेघ हलल्यासारखी दिसते, संपलं. छापील कागद हातात आला. नसेभोवती सुमारे साडेतीन मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ धरून त्यावरच्या तंतूंच्या थराची जाडी मोजलेली असते. बाजूला घड्याळाच्या तबकडीसारखं चक्र, आणि त्यात रंग. हिरवा म्हणजे सर्वसाधारण, पिवळा म्हणजे काठावरचा, लाल म्हणजे कमी. माझ्या कागदावर लाल काहीच नव्हतं. पिवळंही नव्हतं. थोडं हिरवं आणि बाकी सगळं पांढरं. यांनी कागद बघून सुटकेचा श्वास सोडला आणि आम्ही दोघंही बाकावर बसून जरा हसलो.

डॉक्टरांनी कागद हातात घेतला आणि माझा चेहरा बघून समजावलं. हे रंग मुख्यतः काचबिंदूसाठी आहेत. काचबिंदूत तंतू मरतात, थर पातळ होतो, म्हणून पातळ झाला की लाल. मशीनला जास्त जाडीची काळजी नाही. पांढरा म्हणजे त्या वयाच्या निरोगी लोकांमधल्या सगळ्यात जाड पाच टक्क्यांत किंवा त्याच्याही वर. मग त्यांनी पेनानं सरासरीवर गोल केला. निरोगी माणसात हा आकडा साधारण ९० ते १०० मायक्रॉन असतो, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माझा उजवा २१२, डावा २३१. खालचा आलेख दोन कुबडांच्या उंटासारखा असायला हवा आणि हिरव्या पट्ट्यातून जायला हवा. माझा पट्ट्याच्या कितीतरी वर, जवळजवळ कागदाच्या कडेला टेकला होता.

तो कागद घेऊन मी परस्पर घरी गेले असते तर कपाटात नीट घडी घालून ठेवला असता, चांगला रिपोर्ट म्हणून. तेव्हापासून कुणी ओसीटीचा कागद दाखवून "सगळं हिरवं आहे" म्हटलं की मी आधी आकडा विचारते.

आणखी एक शंका त्यांना दूर करायची होती. काही जणांच्या नसेच्या तोंडाशी कॅल्शियमचे बारीक कण साठलेले असतात. त्यांना ड्रुसेन म्हणतात. त्यानंही डिस्क फुगलेली दिसते, कडा पुसट दिसते, आणि सूज नसताना माणूस एमआरआयपर्यंत जाऊन घाबरून येतो. त्यासाठी वेगळ्या प्रकाशात एक काळापांढरा फोटो काढला, त्यात हे कण असतील तर आपोआप चमकतात. माझ्यात काही चमकलं नाही. पण खोल दडलेले कण त्यातही चुकू शकतात, म्हणून मिटलेल्या पापणीवर जेली लावून सोनोग्राफीही केली. तिथेही काही नाही. म्हणजे ही खरी सूज, आणि दोन्ही डोळ्यांत, म्हणजे कारण डोळ्यात नाही, मागे डोक्यात.

"आजच एमआरआय करून घ्या, उद्यावर ठेवू नका," त्या म्हणाल्या. त्यांनी स्वतः फोन लावून मिरजेत वेळ मिळवून दिली. सांगली ते मिरज वीस मिनिटांचा रस्ता. बाहुल्या मोठ्या, यांचा गॉगल मी लावलेला, हे गाडी चालवताहेत, आणि दोघंही एक शब्द बोलत नाही. गाठ हा शब्द दोघांच्याही मनात होता. धाकटा दीड वर्षाचा होता.

एमआरआय आणि त्याबरोबर मेंदूतल्या शिरांचा वेगळा स्कॅन झाला. गाठ नव्हती. शिरेत रक्ताची गुठळीही नव्हती. पण डोक्यात दाब वाढल्याच्या खुणा होत्या. नसेभोवतीचं आवरण पाण्यानं रुंद झालेलं, डोळ्याच्या गोलाची मागची बाजू किंचित चपटी, पिट्युटरी ग्रंथी आपल्या खोबणीत तळाशी दाबलेली. दुसऱ्या दिवशी मेंदूच्या डॉक्टरांनी पाठीतून पाणी काढलं. कुशीवर झोपून गुडघे पोटाशी, मान आत. सुई टोचताना भीती जास्त, दुखणं कमी. त्यांनी सुईला काचेची उभी नळी जोडली आणि त्यात पाणी चढायला लागलं. ते इतकं नितळ होतं की नळी रिकामीच आहे असं यांना वाटलं. ते ३४ सेंटिमीटरवर थांबलं. मोठ्या माणसात २५ च्या खाली असायला हवं. पाणी काढल्यावर दोन तासांत कानातली गिरणी थांबली. चार महिन्यांनी मला शांत ऐकू आलं.

आजाराचं नाव इडिओपॅथिक इंट्राक्रॅनियल हायपरटेन्शन. डॉक्टर मंडळी आयआयएच म्हणतात. मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब वाढतो, आणि मेंदूचं आवरण डोळ्याच्या नसेभोवतीही तसंच पुढे आलेलं असल्यामुळे दाब थेट नसेच्या तोंडापर्यंत पोचतो. तंतूंमधला आतला प्रवाह अडतो आणि डिस्क सुजते. नंबरप्लेट दोन दिसत होत्या त्याही यामुळेच, डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी नस दाबानं अशक्त झाली होती. हा आजार बहुतेक तरुण आणि वजन वाढलेल्या बायकांना होतो. दुसऱ्या बाळंतपणानंतर मी ६६ वरून ७९ किलोवर गेले होते. दुसरी गोष्ट मी स्वतःहून सांगितली नसती, त्यांनीच विचारली: मुरुमांसाठी काही गोळ्या? घेत होते. डॉक्सीसायक्लिन. त्वचेच्या डॉक्टरांनी एक महिना लिहून दिली होती, फरक पडला म्हणून मी मेडिकलमधून आणून चार महिने चालू ठेवली. या जातीच्या गोळ्यांनी असा दाब वाढू शकतो, अ जीवनसत्त्वाच्या जातीच्या औषधांनीही. माझ्यात वजन किती आणि गोळी किती हे वेगळं काढून सांगता येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. गोळी त्याच दिवशी बंद झाली.

उपचार म्हणजे पाण्याचा दाब उतरवणारी गोळी, अ‍ॅसिटाझोलामाइड, आणि वजन उतरवणं. नुसतं वजन कमी करण्यापेक्षा त्याला या गोळीची जोड दिली तर नजरेचं क्षेत्र जास्त सुधारतं हे उत्तर अमेरिकेत १६५ रुग्णांवर तपासून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं आहे. मी ते विचारलं म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, आणि त्यामुळे वजनाची गोष्ट मला टोमण्यासारखी लागली नाही, औषधासारखी वाटली. गोळीनं बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, सारखं लघवीला जावं लागतं, आणि लिंबू सोडा पत्र्याचा डबा चाटल्यासारखा लागतो. हे आधी सांगितलेलं असलं की माणूस घाबरत नाही. सासूबाईंनी माझ्या भाकरी मोजून दोनवर आणल्या आणि साखरेचा चहा स्वतःही सोडला, मला एकटीला वाटू नये म्हणून.

आता ज्या भागासाठी हे सगळं लिहायला बसले त्याकडे येते.

तीन आठवड्यांनी ओसीटी: उजवा १७१, डावा १८८. आठ आठवड्यांनी ११८ आणि १२१. मी आकडे मोबाइलवर बहिणीला पाठवले. सूज उतरत होती, डोकं दुखत नव्हतं, एसटीला एकच नंबरप्लेट होती. डॉक्टरांच्या खोलीत मी हसतच गेले. त्यांनी ओसीटीचा कागद बघितला, बाजूला ठेवला आणि फील्ड टेस्टचा कागद मागितला.

फील्ड टेस्ट, म्हणजे नजरेच्या क्षेत्राची तपासणी, ही या सगळ्यातली सगळ्यात थकवणारी. एका अर्धगोलात तोंड घालून मधल्या पिवळ्या दिव्याकडेच बघायचं आणि आजूबाजूला कुठेही ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. काही ठिपके इतके मंद, की दिसले की भास झाला कळत नाही. पहिल्या वेळी माझा आंधळा ठिपका, म्हणजे प्रत्येकाच्या नजरेत जो असतोच तो, दोन्हीकडे मोठा झालेला होता. या वेळी उजवा जवळपास जाग्यावर आला होता. डाव्या डोळ्यात नाकाच्या बाजूला खालच्या भागात मात्र चार चौकोन गडद झाले होते. मागच्या वेळी ते नव्हते.

डॉक्टरांनी तपासणी दुसऱ्या दिवशी परत करून घेतली, कारण थकल्यावर चुका होतात. चौकोन तिथेच होते. मग त्यांनी जे सांगितलं ते असं. आकडा २३१ वरून १२१ वर आला, तो दोन कारणांनी येऊ शकतो. एक, सूज उतरली. दुसरं, तंतू मेले आणि थर वाळला. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. १२१ आणखी उतरून ९५ झाला की आपण म्हणणार नॉर्मल, आणि त्या ९५ मध्ये थोडी सूज आणि थोडं मरण असं मिसळलेलंही असू शकतं. म्हणून एकट्या त्या आकड्यावर कधी खूश व्हायचं नाही. त्याच्या शेजारी फील्ड ठेवायचं, आणि पडद्याच्या मधल्या भागातला गँग्लिऑन पेशींचा, म्हणजे ज्यांच्यापासून नसेचे तंतू निघतात त्या पेशींचा, थर ठेवायचा. तो थर सुजेनं फारसा फुगत नाही, त्यामुळे तिथे पातळपणा दिसला तर पेशी खरोखर गेल्या असं धरता येतं. सूज फार असताना मशीन त्या थराच्या रेघाही चुकीच्या ओढतं, म्हणून त्यांनी पहिल्या दिवशीचे काप एकेक करून डोळ्यांनी तपासले होते. डावीकडे हा थर पहिल्या दिवशी ८२ होता, आता ७८.

चार मायक्रॉन! मला वाटलं होतं त्या म्हणतील, एवढ्यानं काय होतंय. त्यांनी त्याच दिवशी गोळीचा डोस वाढवला, रक्तातलं पोटॅशियम तपासायला सांगितलं, आणि दोन आठवड्यांनी परत बोलावलं. फील्ड आणखी उतरलं असतं तर नसेच्या आवरणाला छेद देण्याची शस्त्रक्रिया किंवा पाण्याला वाट करून देणारी नळी, हेही सांगून ठेवलं. ते दोन आठवडे मी रोज रात्री डावा डोळा एकटा उघडा ठेवून भिंतीवरच्या कॅलेंडरचे खालचे चौकोन मोजत होते.

पुढे उतरलं नाही. ७७ वर थांबलं आणि तिथेच आहे. गडद चौकोन चाराचे दोन झाले, ते दोन राहिले. ते मला रोजच्या कामात जाणवत नाहीत. नाकाच्या बाजूला खाली ठेवलेला तांब्या एखाद्या वेळी लाथाडला जातो, तेवढंच. पाच महिन्यांनी वजन ७१ झालं, उजवा ९७, डावा ९१. त्यानंतर गोळी हळूहळू कमी करत बंद केली, आणि बंद केल्यावर महिन्यानं पुन्हा फोटो, पुन्हा ओसीटी, कारण सूज परत येते का ते तेव्हाच कळतं.

माझ्या फाइलमध्ये आता सात ओसीटी आणि पाच फोटो आहेत. शाळेच्या निकालपत्रकांसारखे तारखेनं लावून ठेवलेत. कुठल्याही नव्या डॉक्टरांकडे गेले तर पहिला फोटो आधी काढून देते, कारण आजचा फोटो एकटा बघून कुणालाच काही कळणार नाही.

शेवटच्या वेळी डॉक्टरांनी पहिला आणि आताचा फोटो पडद्यावर शेजारी लावले. खळं गेलं होतं. डावी डिस्क उजवीपेक्षा जरा फिकी आहे, ती तशीच राहणार. मी वरच्या अंगाची ती शीर शोधली. गोलातून निघून पुढे जाताना तिचा मधला तुकडा आता सलग दिसतो, कुठे बुडत नाही. "हिला इतके दिवस शोधत होतात होय," डॉक्टर म्हणाल्या आणि पुढची तारीख लिहून दिली, सहा महिन्यांनंतरची.